बोटाखालची पट्टी

नागपूरहून छिंदवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर महाराष्ट्राची हद्द ओलांडली की सौंसर तालुका लागतो. त्यातलं बोरगाव बाहेरच्यांना माहीत आहे ते तिथल्या औद्योगिक क्षेत्रामुळे. रेमंडचा कापड कारखाना इथलाच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यातला हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. सरकारी कागद हिंदीत असले, तरी घरातलं बोलणं, पोळा, हरिनाम सप्ताह आणि तुकडोजी महाराजांची भजनं इथे मराठीतच आहेत. भजनाची बैठक म्हटली की खंजिरी, टाळ, तबला किंवा ढोलक आणि पेटी. गेल्या काही दशकांत त्यांच्या शेजारी कीबोर्ड येऊन बसला. तो कुठल्याही कंपनीचा असो, गावात त्याचं नाव 'कॅसिओ'च.

पेटीवर हात बसलेला माणूस पहिल्यांदा कॅसिओवर बसला की एक अडचण हमखास येते. सूर ओळखीचे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी तीच, तरी काही स्वर गळतात, काही एकदम मोठ्याने उठतात आणि ठरलेली तान अडखळते. ऐकणाऱ्याला वाटतं, सराव नाही. खरं कारण पट्टीच्या खाली असतं. पट्टी किती खोल जाते, कुठल्या टप्प्यावर बोलते, किती जोराने परत येते, यावर बोटाने काय करायचं ते ठरतं. वाद्याचा निम्मा स्वभाव पट्टीत असतो, आणि वाद्य घेताना आपण नेमकं तेच बघत नाही.

पेटी: झाकण आणि वारा

हार्मोनियमचा जन्म युरोपातला. पॅरिसच्या अलेक्सांद्र देबँ यांनी १८४० च्या दशकात तिची रचना पक्की केली. ते वाद्य पायाने भाता मारण्याचं होतं. जमिनीवर बसून एका हाताने भाता आणि दुसऱ्याने पट्ट्या, ही आपली बैठक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' पेढीने रूढ केली. महाराष्ट्रात पायपेटी आणि ऑर्गन संगीत नाटकांनी गाजवले, तर हातपेटी देवळात, घरात आणि मैफलीत गेली. मुंबईत १९२५ मध्ये सुरू झालेल्या हरिभाऊ विश्वनाथसारख्या पेढ्यांनी ती गावोगाव पोचवली.

पेटीचं वरचं झाकण उघडून एक पट्टी अगदी सावकाश दाबून बघावी. पट्टी मधल्या आधारावर तोललेली असते. पुढचं टोक खाली गेलं की मागचं टोक वर उठतं. मागच्या टोकाखाली चामड्याची किंवा नमद्याची गादी असते. तिने एक भोक झाकलेलं असतं आणि त्या भोकाशी पितळी सूर, म्हणजे रीड, बसवलेला असतो. तारेची स्प्रिंग ही गादी भोकावर दाबून धरते. बोटाला पहिला विरोध होतो तो या स्प्रिंगचा. गादी जरा उचलली गेली की वारा निसटतो आणि सूर बोलायला लागतो, आधी दबका, मग भरून. म्हणजे पेटीची पट्टी तळाला टेकायच्या आधीच बोललेली असते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच येतो. आवाज लहान-मोठा होतो तो भात्याने. म्हणून पेटीवाल्याचे दोन हात दोन कामं करतात: उजवा स्वर निवडतो, डावा त्यात जीव ओततो. बोटाला जोर लावायचा नसतो. त्याला लागते चपळाई, आणि पट्टी सोडण्याची अचूक वेळ. पुढची पट्टी बोलायला लागेपर्यंत मागची सोडायची नाही, पण दोन्ही स्वर एकमेकांत मिसळतील इतका वेळही धरायची नाही. तुटक स्वरांच्या या वाद्यातून गाण्याचा ओघ निर्माण होतो तो या सांध्यातून.

स्प्रिंगचा ताण हा पेटी बनवणाऱ्याच्या कसबाचा भाग आहे. ती सैल असेल तर जोरात भाता मारताच आतला वारा गादी उचलतो आणि न दाबलेला स्वर आपणहून वाजायला लागतो. ती कडक असेल तर द्रुत तानेत बोटं थकतात. कपलर लावला की एका बोटाने दोन सप्तकांतल्या दोन पट्ट्या हलतात, आवाज भरदार होतो पण हात लगेच जड पडतो. स्केल चेंजरच्या पेटीत पट्ट्यांची अख्खी चौकट सरकते. गायकाचा सा बदलला तरी बोटांची मांडणी तीच ठेवता येते, मात्र पट्टी आणि गादी यांच्यात एक जोड वाढतो आणि तो सैल झाला की पट्टी बोटाखाली हलू लागते. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या शेजारणीला घासतात, खाली गेलेली पट्टी वर येत नाही. नमदा झिजला की लाकडावर लाकूड आपटल्याची खडखड सुरांत मिसळते. दुरुस्तीवाला पट्टीची कड पॉलिशपेपरने जराशी घासतो, गादी बदलतो, स्प्रिंग वाकवून ताण सारखा करतो. सूर जुळवण्याइतकंच हे काम मोलाचं आहे.

अशा पट्टीवर मराठी वादकांनी काय घडवलं, ते आठवण्यासारखं आहे. गोविंदराव टेंबे यांनी भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला साथ करता करता पेटीला प्रतिष्ठा मिळवून दिली. पी. मधुकरांनी तिच्यावर स्वतंत्र वादन लोकप्रिय केलं. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. आप्पा जळगावकरांची साथ दोन पिढ्यांच्या मैफलींनी ऐकली. नागपूरचे मनोहर चिमोटे यांनी आपल्या पेटीला संवादिनी म्हटलं आणि एकलवादनालाच आयुष्य दिलं. यातलं पुष्कळ घडत असताना ऑल इंडिया रेडिओवर १९४० पासून सुमारे तीन दशकं पेटीला बंदी होती. आक्षेप असा की पट्टीवर मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात अखंड सरकणं, निघत नाही आणि पेटीचे स्वर श्रुतींना, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानांना, जुळत नाहीत. पहिल्या आक्षेपाला या वादकांनी सांध्याच्या कौशल्याने उत्तर दिलं. दुसऱ्यावर डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवली: सा आणि प यांना एकेक श्रुती, उरलेल्या दहा स्वरांना दोन-दोन, आणि त्यांतली हवी ती निवडायला पट्टीजवळ खुंटी.

पियानो: फेकलेला हातोडा

पियानोची पट्टी दिसायला तशीच, पण आतलं तत्त्व अगदी निराळं. फ्लोरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७०० च्या सुमाराला हे यंत्र घडवलं. इथे पट्टी हातोडा उचलते आणि तार अगदी जवळ आली असताना त्याला सोडून देते. शेवटचं अंतर हातोडा एकटा कापतो, तारेवर आदळतो आणि मागे येतो. सोडला नसता तर तो तारेलाच चिकटून राहिला असता आणि स्वर दबला असता. म्हणून वादकाच्या हातात एकच गोष्ट उरते: हातोडा सुटतो त्या क्षणी त्याचा वेग किती. स्वर निघाल्यावर पट्टी कितीही दाबली तरी तो वाढत नाही.

पियानोची पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते आणि ती हलवायला पन्नासेक ग्रॅमचं वजन लागतं. खर्जाचे हातोडे मोठे, म्हणून तिकडच्या पट्ट्या थोड्या जड. वरच्या सप्तकांत त्या हलक्या होत जातात. सुरुवातीच्या यंत्रात पट्टी पूर्ण वर आल्याशिवाय स्वर पुन्हा वाजत नसे. पॅरिसच्या सेबास्टियाँ एरार यांनी १८२१ मध्ये यावर तोड काढली. पट्टी अर्धवट वर येताच हातोडा पुन्हा तयार होऊ लागला, आणि एकच स्वर झरझर वाजवणं शक्य झालं. पुढच्या पियानोवादनाची कितीतरी चमक या एका सुधारणेवर उभी आहे. पट्टीची रचना बदलली की संगीतही बदलतं, याचा याहून सरळ दाखला नाही.

कॅसिओ: दोन स्पर्शांमधला वेळ

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डात वारा नाही, तार नाही. पट्ट्यांखाली रबराचा थर असतो, त्यात प्रत्येक पट्टीसाठी कार्बनचे दोन स्पर्शबिंदू. पट्टी खाली जाताना आधी एक टेकतो, मग दुसरा. या दोन स्पर्शांमध्ये किती वेळ गेला ते यंत्र मोजतं. कमी वेळ म्हणजे जोराचा घाव, जास्त वेळ म्हणजे हळुवार. १९८३ मध्ये सर्व कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मिडी ही पद्धत ठरली. तिच्यात हा जोर १ ते १२७ या आकड्यांत सांगितला जातो. त्याच वर्षी आलेल्या यामाहाच्या डीएक्स-७ ने बोटाच्या जोराला दाद देणारी पट्टी जगभर पोचवली. पण स्वस्त आणि लहान कीबोर्डांत ही सोय अजूनही नसते. तिथे हळू दाबा, जोरात दाबा, आवाज एकच.

बहुतेक ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डांत पट्टी प्लास्टिकची, पोकळ आणि स्प्रिंगवर उभी असते. ती हलकी असते, पटकन वर येते. डिजिटल पियानोत पट्टीला खरे छोटे हातोडे जोडलेले असतात. ते कशावर वाजत नाहीत, केवळ बोटाला वजन देतात, आणि चांगल्या यंत्रात ते खर्जाकडे जड होत जातात. असं ८८ पट्ट्यांचं यंत्र साधारण अकरा-बारा किलोंपासून पुढे भरतं. सप्ताहासाठी मोटरसायकलवर या गावाहून त्या गावाला जाणाऱ्या मंडळाने हलकी पट्टी पत्करली, तर त्यात चूक काही नाही. घरी शिकणाऱ्या मुलाचा हिशेब मात्र वेगळा आहे.

पेटीवाला कॅसिओवर का अडखळतो, ते आता उलगडतं. पेटी पट्टीच्या वरच्या टप्प्यातच बोलते. कीबोर्ड बोलतो तो दुसरा स्पर्शबिंदू टेकल्यावर, म्हणजे जवळजवळ तळाशी. वरच्यावर बोटं फिरवायची सवय असलेल्या हाताकडून काही पट्ट्या तळापर्यंत जातच नाहीत आणि ते स्वर गळतात. दुसरीकडे, पेटीवर बोटाच्या जोराचा हिशेब कधी ठेवलेलाच नसतो. त्यामुळे अंगठ्याचा किंवा मधल्या बोटाचा स्वर अचानक उसळतो आणि करंगळीचा मरतो.

यावर उपाय सोपा आहे. कीबोर्डवर हार्मोनियमचा आवाज लावला असेल तर सेटिंगमध्ये जाऊन 'टच' बंद करावा. मग सगळे स्वर एकसारखे येतात, खऱ्या पेटीत येतात तसे. चढ-उतारासाठी सोय असेल तर व्हॉल्यूमचा पायपेडल जोडावा. भात्याचं काम तो करतो. पियानोचा आवाज लावला की मात्र 'टच' चालूच हवा, नाहीतर ऐकणाऱ्याला एक सपाट आवाज ऐकू येईल.

आणखी एक अनुभव गावोगावचा आहे. जुन्या कीबोर्डची एखादी पट्टी अचानक किंचाळते किंवा मुकी होते आणि यंत्र बिघडलं म्हणून बाजूला पडतं. पुष्कळदा दोष एवढाच असतो की रबराखाली धूळ किंवा ओल शिरून एका स्पर्शबिंदूची जोडणी तुटलेली असते. जाणत्याने उघडून ते बिंदू हलक्या हाताने स्वच्छ केले तर वाद्य पुन्हा नीट वाजतं. पेटीला कापड घालतो तसंच कीबोर्डलाही घालावं, आणि उदबत्तीची राख पडेल अशा जागी तो ठेवू नये.

हात कसा घडतो

जड पट्टी चांगली आणि हलकी वाईट, असा सरसकट निवाडा चुकीचा आहे. द्रुत तानेला, भजनातल्या जलद सरगमला हलकी आणि उथळ पट्टीच हवी. पियानोच्या जड पट्टीवर पेटीची तान घेऊ गेलं तर मनगट आखडतं. उलट, फक्त हलक्या पट्टीवर वाढलेलं मूल खऱ्या पियानोवर बसलं की त्याची बोटं अर्ध्यातच थांबतात, कारण वजन पेलण्याची ताकद आणि हळू वाजवण्याचा ताबा त्याच्या हाताला कधी लागलेलाच नसतो. हळू वाजवता येणं ही जड पट्टीची खरी शिकवण आहे. जोरात कुणालाही वाजवता येतं.

म्हणून आधी ठरवावं की मूल काय शिकणार आहे. गाणं, भजन, साथ शिकायची असेल तर चांगली पेटीच घ्यावी. भात्याचा हात कुठल्याही विजेच्या वाद्यावर शिकता येत नाही. पाश्चात्त्य पियानो शिकायचा असेल आणि पियानो परवडत नसेल, तर हातोड्यांची पट्टी असलेला डिजिटल पियानो घ्यावा. दोन्ही हात मोकळे ठेवून वेगवेगळे आवाज, ताल आणि मंडळाची साथ हवी असेल, तर ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरे, पण 'टच' असलेला आणि पूर्ण आकाराच्या पट्ट्यांचा. लहान पट्ट्यांच्या खेळण्यावर शिकलेली बोटांमधली अंतरं पुढे पुसून काढावी लागतात.

दुकानात गेल्यावर विक्रेता आधी आवाजांची संख्या सांगेल, मग तालांची. ते ऐकून घ्यावं आणि त्याला एकच विनंती करावी: सगळे ताल बंद करा, एकच आवाज ठेवा. मग डावीकडच्या टोकापासून उजवीकडे एकेक पट्टी अगदी हळू दाबत जावं. सगळ्या पट्ट्या सारख्याच हलतात का, सारख्याच टप्प्यावर बोलतात का, सोडल्यावर आवाज न करता वर येतात का, आजूबाजूला डुलत नाहीत ना, हे बघावं. पेटी असेल तर त्याआधी एकही पट्टी न दाबता भाता मारावा. वारा गळत असेल तर तिथेच कळेल. नंतर एकच पट्टी लवकर लवकर दहा वेळा वाजवावी. दहाही स्वर ऐकू आले पाहिजेत. ही परीक्षा शक्यतो शिकणाऱ्या मुलानेच करावी, कारण रोज त्या पट्टीवर त्याचीच बोटं पडणार आहेत. ज्या वाद्याची पट्टी या परीक्षेत उतरत नाही, ते शेकडो आवाजांचं असलं तरी घरी आणू नये.