नुसतं '90 नंबर' म्हणू नका

गटाच्या पिकअपमधून कांदा घोडेगावच्या बाजाराला जातो. तिचा गिअरबॉक्स खोलून बांधला, की मिस्त्री सांगतो, "90 नंबर ऑइल आणा." पण 90 हा ऑइलच्या जाडीचा आकडा. डब्यावर जीएल-4 आहे की जीएल-5, तेही वाचायचं.

गिअर टाकताना आतल्या पितळी रिंगा चाकांची गती जुळवतात. जीएल-5 मध्ये जास्त दाब सोसण्यासाठी गंधकाची रसायनं जीएल-4 पेक्षा बरीच जास्त. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक कळकतं, कारण पितळ त्यात उतरतं. काही जीएल-5 ऑइलं रिंगांचं तसंच करतात. रिंगा गेल्या, की गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवा, आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता तर थांबत नाही.

म्हणून बहुतेक गिअरबॉक्सना जीएल-4, मागच्या डिफरन्शियलला जीएल-5. एकाच ड्रममधून दोन्हीकडे ओतण्याची गॅरेजची सोय मला पटत नाही. काही गाड्यांना मात्र वेगळंच ऑइल लागतं, तेव्हा गाडीचं पुस्तक बघाच.

नव्या भागांचा बारीक चुरा पहिल्या ऑइलात उतरतो, ते लवकर बदलायचं. किती किलोमीटरला, हे मिस्त्रीकडून बिलावरच लिहून घ्या.