रात्रीच्या रानातील आवाज

सह्याद्रीच्या उतारावरील गावांत पीक पोसवू लागले की शेतकऱ्याचा मुक्काम माळ्यावर हलतो. रानडुकरांपासून राखण करताना डोळ्यांपेक्षा कानांनाच अधिक काम पडते. परंतु होते असे की, निरुपद्रवी आवाजाने माणूस घाबरतो आणि ज्याने सावध व्हावे तो आवाज कुत्र्याचा समजून कूस बदलतो.

हा फसवा आवाज भेकराचा होय. हे हरिण लहान, पण त्याचे भुंकणे दूरवर ऐकू जाते. कुत्रा एका दमात अनेकदा भुंकतो. भेकर एकदा भुंकून थांबते आणि थोड्या थोड्या अंतराने कितीतरी वेळ तसेच भुंकत राहते. माणसाची चाहूल लागली तरीही ते ओरडते, म्हणून तेवढ्यावरून बिबट्या आला असे मानणे उतावीळपणाचे ठरेल. मात्र त्याच दिशेने सांबराचा कर्णा वाजल्यासारखा ‘पोंक’ असा खणखणीत आवाज आला, किंवा झाडावरची वानरे अपरात्री खोकल्यासारखी खाकरू लागली, तर संशयाला जागा थोडी. सांबर सहसा वृथा ओरडत नाही. हे आवाज शेताच्या दिशेने सरकत असतील तर जनावर चालत येत आहे असे समजावे. बिबट्याचा स्वतःचा आवाज जाड लाकडावर करवत पुढेमागे ओढावी तसा खरखरीत असतो.

अशा वेळी माळ्यावरून एकट्याने उतरू नये. उजेड ठेवावा, मोठ्याने बोलावे आणि शेळ्या-वासरे बंदिस्त गोठ्यात आहेत याची खात्री दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेपूर्वीच करून घ्यावी. काठ्या घेऊन पाठलाग करणे धोक्याचे असते. वनखात्यास कळविणे श्रेयस्कर.

उलट, जुन्या वाड्याच्या पोटमाळ्यावरून फुत्कार व घोरणे ऐकू आले की भूत शिरल्याची वदंता उठते. पुष्कळदा ती गव्हाणी घुबडाची भुकेलेली पिल्ले असतात. उंदीर हे या पक्ष्याचे मुख्य खाद्य. त्याला अशुभ मानून दगड मारणारा शेतकरी आपल्याच कणगीचा राखणदार हाकलतो. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये घुबड मारणे हा गुन्हा आहे.

कठीण जमिनीवर गोटी उसळत उसळत स्थिरावी तसा ‘टक्, टक्, टक्, टर्रर्र’ आवाज काढणारा रातवा हाही किडे खाणारा पक्षीच. पावसाळ्यात ओढ्याकाठी पहाटे कोणी रिकामटेकडा पोर शीळ घालीत बसल्यासारखे वाटते, तो शीळकरी कस्तुर.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रात्रीच्या बैठकीत एखाद्या वयोवृद्ध गुराख्यास हे आवाज काढून दाखविण्याची विनंती करावी. रानालगतच्या पुष्कळ गावांत असा माणूस असतोच, आणि त्याचे हुबेहूब भेकराचे भुंकणे ऐकून अंगणातली कुत्रीदेखील कान टवकारतात.