शिराळ्याच्या स्टँडवरचं मंच्युरियन

संध्याकाळ झाली की शिराळ्यात एसटी स्टँडच्या आसपास चायनीजच्या गाड्यांवरच्या भट्ट्या धडधडू लागतात. लाल पाटीवर ड्रॅगन, बारीक चिरलेल्या कोबीचा ढीग, पातेल्यात आधीच शिजवून गार केलेला भात. तालुक्याचा पश्चिम भाग पावसाचा, भाताचा. मोकळा भात कसा असावा हे इथल्या गिऱ्हाइकाला सांगावं लागत नाही. हा ‘राईस’ मात्र मुंबईहून आला, आणि त्या वाटेवर इथली माणसं कैक पिढ्या ये-जा करत आहेत.

मुंबईतली चिनी वस्ती माझगावात, गोदीच्या कडेला होती. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ कँटनकडच्या लोकांनी १९१९ मध्ये बांधलेलं देऊळ अजून उभं आहे. तिथला देव ग्वान गाँग, मूळचा एक शूर सेनापती. वस्तीत खलाशी होते, सुतार होते, दातांचे डॉक्टर होते. त्याच गोदीत आणि मशीद बंदरच्या गोदामांत सातारा-सांगलीकडचे गडी पाठीवर पोती वाहत होते. गाव मागे टाकून आलेली ही दोन्हीकडची माणसं एकाच बंदरावर पोट भरत होती, याची नोंद आपण फारशी ठेवली नाही. १९६२ च्या युद्धानंतर देशातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं. त्यांत म्हातारे होते, लेकरं होती. मुंबईतलीही कित्येक कुटुंबं पुढे देश सोडून गेली. ड्रॅगनची पाटी गावोगाव लागली आणि ही माणसं मात्र विसरली गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

जे राहिले त्यांतले नेल्सन वाँग. जन्म कोलकात्याचा. १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतली. गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरने रस्सा दाट केला आणि त्यात तळलेलं चिकन सोडलं. मंच्युरियन म्हणतात ते हे. मंच्युरियात ते कुणी करत नाही. त्याच वर्षी प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. तेव्हा शिराळ्याचा कामगार त्या खानावळीतली भाकरी खात होता. क्लबातलं मंच्युरियन त्याच्या वाट्याचं नव्हतं. ते खाली उतरवलं गाडीवाल्यांनी. चिकनच्या जागी कोबीचे गोळे घातले, तळलेल्या नूडल्सची भेळ केली. माझ्या मते ही मराठी पाककलेतली मोठी कामगिरी आहे आणि तिला तसा मान मिळायला हवा.

रंगाबद्दल मात्र सूट देता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकाने गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासणीत अपायकारक रंग सापडले होते. लाली सुक्या मिरचीनेही येते. मिरची भिजवून वाटायची आणि लसणाबरोबर तेलात शिजवायची, एवढंच त्याला लागतं.

गाडीवरच्या लाल शेजवान चटणीत एक गोष्ट कायम राहून जाते. शेजवान हे नाव ज्यावरून आलं त्या चीनच्या सिचुआन प्रांतातल्या जेवणात जिभेला मुंग्या आणणारं एक फळ असतं. कोकणात बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ त्याच कुळातलं. घाट उतरला की ते बाजारात मिळतं. शिराळ्याच्या एखाद्या गाडीवाल्याने चार तिरफळं बिया काढून, ठेचून त्या लाल चटणीत घालून बघावीत.