चर्च म्हणजे इमारत की माणसं?



परिसर अभ्यास शिकवताना प्रार्थनास्थळांची माहिती आपण सगळेच देतो. मंदिर, मशीद, विहार, गुरुद्वारा, चर्च अशी चित्रं दाखवायची, नावं पाठ करून घ्यायची आणि पुढच्या पाठाकडे वळायचं. मीही तेच करायचे. एकदा चाचणीत प्रश्न दिला, 'चर्च म्हणजे काय?' मला हवं असलेलं उत्तर होतं, 'ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनास्थळ.' एका मुलीने लिहिलं, 'चर्च म्हणजे आम्ही सगळे.' मी सरळ फुली मारली. पेपर हातात घेऊन ती हळूच म्हणाली, "पण बाई, आम्हाला चर्चमध्ये असंच शिकवतात."

त्या दिवशी घरी जाऊन वाचत बसले, आणि चूक तिची नव्हती हे लक्षात आलं.

शब्द काय सांगतात?

बायबलचा नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात यासाठी 'एक्लेसिया' हा शब्द येतो. त्याचा अर्थ सभा, एकत्र बोलावलेले लोक. ग्रीक नगरांत नागरिकांच्या सभेलाही हाच शब्द होता. म्हणजे मूळ शब्दात भिंत नाही, छप्पर नाही. आहेत ती फक्त माणसं. मराठी बायबलमध्ये यासाठी 'मंडळी' हा शब्द वापरतात. किती नेमका शब्द! "मंडळी जमली का?" असं विचारलं तर कोणी इमारतीकडे बघत नाही.

पोर्तुगीज भाषेत 'एक्लेसिया'वरून 'इग्रेजा' झाला आणि त्यातून कोकण-गोव्याकडचा 'इगर्जी' आला. गंमत बघा, मुळात माणसांचा असलेला शब्द आपल्याकडे पोहोचेपर्यंत इमारतीचा झाला! इंग्रजीतला 'चर्च' मात्र 'प्रभूचे' या अर्थाच्या दुसऱ्या ग्रीक शब्दावरून आला असं मानतात.

आधी माणसं, मग इमारत

येशूनंतरच्या पहिल्या काळात ख्रिस्ती लोक घरांमध्येच जमायचे. प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख संत पौलाच्या पत्रांत आहे. इ. स. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात या धर्माला मोकळीक मिळाली आणि त्यानंतर मोठमोठी चर्च उभी राहू लागली. म्हणजे मंडळी जवळजवळ तीनशे वर्षं आधीची!

पौलाने मंडळीला शरीराची उपमा दिली आहे. हात, पाय, डोळे वेगवेगळे, पण शरीर एकच. एका अवयवाला दुखलं की सगळ्यांनाच दुखतं. पेत्राच्या पत्रात तर माणसांनाच जिवंत दगड म्हटलं आहे, ज्यांचं देवासाठी घर बांधलं जातं.

आपल्या वसईचं उदाहरण

लांब कशाला जायचं? वसईचा किल्ला सहलीत पाहिला असेल. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला. पुढे किल्ल्यातली चर्च ओस पडली. आज तिथे उंच भिंती आणि कमानी दिसतात. पण आसपासच्या गावांतला ख्रिस्ती समाज संपला नाही. तो शेती-वाडी करत, आपली बोली बोलत तिथेच राहिला, आणि त्याने नवी चर्चही उभारली. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. छप्पर गेलं, मंडळी राहिली. 'चर्च म्हणजे आम्ही सगळे' याचा याहून चांगला पुरावा कोणता?

मग इमारतीला महत्त्व नाही का?

आहे ना! तिथेच बाळाचा बाप्तिस्मा होतो, लग्न लागतं, माणसाला शेवटचा निरोप दिला जातो. माणसांना एकत्र आणणारी जागा म्हणून ती पवित्र मानतात. २०२० च्या टाळेबंदीत ईस्टरला चर्च बंद होती. लोकांनी घरीच प्रार्थना केली, पण जागेची आठवण आल्याशिवाय राहिली का? मंडळी इमारतीशिवाय टिकते, तरी तिला भेटायला जागा हवीच असते. इमारत मात्र माणसांशिवाय नुसती वास्तू होते.

वर्गात कसं घ्याल?

१. फळ्यावर दोन वाक्यं लिहा : 'शाळेला रंग दिला' आणि 'शाळा सहलीला गेली'. दोन्हींत 'शाळा' म्हणजे काय, हे मुलांना विचारा. लहान मुलंही पटकन सांगतात.

२. मग 'चर्च' शब्दाची अशीच दोन वाक्यं मुलांकडून करून घ्या.

३. वर्गात ख्रिस्ती मूल असेल आणि त्याची इच्छा असेल, तर त्याला सांगू द्या. आग्रह मात्र नको.

४. पालकहो, सुट्टीत वसईला गेलात तर किल्ल्यातलं पडकं चर्च आणि गावातलं आजचं चर्च, दोन्ही मुलांना दाखवा.

त्या मुलीच्या पेपरावरची फुली मी खोडली आणि पूर्ण गुण दिले. वर्गासमोर सांगितलंही, "बाईंचं चुकलं होतं." पुस्तकातलं उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं त्या मुलीला माहीत होतं. आपल्या वर्गात असं अर्धं उत्तर घेऊन बसलेलं एखादं मूल नक्की असेल. फुली मारण्याआधी त्याला एकदा विचारून तर बघूया!