पिकअपला टायर कोणता घ्यावा : चिखलाचा की सर्व वाटांचा?

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी या भागांत खरीप टोमॅटोचे तोडे ऐन भरात येतात आणि परतीचा पाऊसही त्याच सुमारास गाठतो. बागायतदारास हा अनुभव नवा नाही. क्रेट भरून झालेले असतात, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात लिलावाची वेळ होत आलेली असते, आणि भरलेली पिकअप मळ्यातून डांबरी सडकेकडे निघताच पाणंदीच्या काळ्या चिखलात रुतून बसते. ट्रॅक्टर आणून टोचन करीपर्यंत लिलाव उरकतो. पिकलेला टोमॅटो मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही.

अशा प्रसंगानंतर शेतकरी टायरच्या दुकानात जातो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे तो चिखलच असतो. साहजिकच दुकानातील सर्वांत खोल नक्षीचा टायर त्यास सर्वांत उत्तम वाटतो. परंतु टायरची निवड एका वाईट दिवसाच्या आठवणीवर करणे हिताचे नाही. चार टायरांचा खर्च हा एखाद्या पिकाच्या खतांच्या खर्चाइतका जड जातो. आणि तेच टायर पुढे वर्षानुवर्षे भरली गाडी घाटातून उतरविणार असतात. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

दोन टायरांतील भेद

बाजारात खडतर वाटांसाठी मुख्यतः दोन जातींचे टायर मिळतात. एक 'ऑल-टेरेन', म्हणजे सर्व प्रकारच्या वाटांचा. दुसरा 'मड-टेरेन', म्हणजे खास चिखलाचा. याखेरीज मालवाहू गाड्यांना पुढे उभ्या रेघांचा 'रिब' व मागे आडव्या जाड पट्ट्यांचा 'लग' टायर घालण्याची जुनी रीत आहेच.

ऑल-टेरेन टायरच्या नक्षीतील रबराचे ठोकळे एकमेकांस लागून असतात. त्यांमधील चर मध्यम रुंदीचे असतात आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात. डांबरावर पुरेसे रबर टेकते, ओल्या सडकेवर या चिरा पकड देतात, आणि मुरूम, खडी व साधारण ओल्या मातीतही चाक चालते. मड-टेरेन टायरचे ठोकळे मोठे व विरळ असतात. चर रुंद व खोल असतात, आणि ठोकळे टायरच्या बगलेपर्यंत उतरलेले असतात. ते चिखलात रुततात, माती मागे रेटतात, आणि चाक वेगाने फिरले म्हणजे चरांत भरलेला चिखल बाहेर फेकला जातो.

या गुणाची किंमत डांबरी सडकेवर द्यावी लागते. विरळ ठोकळ्यांमुळे सडकेला रबर कमी टेकते. त्यामुळे ओल्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर वाढते. टायर वजनाने जड असतो व फिरताना अधिक ओढ घेतो, म्हणून डिझेल जास्त लागते. मोठे ठोकळे सडकेवर वाकतात, घासतात व लवकर झिजतात. चाकांचा घोंघावणारा आवाज तर प्रत्येक फेरीत सोबत असतो.

काळ्या मातीचा स्वभाव

चिखल म्हटला की सर्व चिखल सारखा, असे नाही. कोकणातील जांभ्या दगडाची तांबडी माती पाणी लवकर खाली सोडते. तिच्याखाली चाकास कठीण थर सापडतो. तेथे दगड-गोट्यांनी टायर फाटण्याची भीती चिखलापेक्षा मोठी असते. मराठवाडा, विदर्भ आणि नाशिक-नगरच्या पट्ट्यांतील काळी माती मात्र वेगळी. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात. वरचा थर साबणासारखा निसरडा होतो आणि त्याखालचा भार पेलण्याची शक्ती गमावतो. शिवाय ही माती चिकट असल्याने चाकास लपेटून बसते.

येथेच अनेकांचा अंदाज चुकतो. मड-टेरेन टायरने चिखल फेकून द्यावा, यासाठी चाक वेगाने फिरावे लागते. दीड टन माल भरलेल्या पिकअपचे चाक जागीच वेगाने फिरले, तर ते स्वतःसाठी खड्डा खणते आणि गाडी कण्यापर्यंत खाली जाते. उलट चाक सावकाश फिरविले, तर चिकट काळ्या मातीने रुंद चरही भरून जातात व टायर गुळगुळीत होतो. बहुतेक पिकअप गाड्यांना ओढ फक्त मागच्या दोन चाकांची असते. रिकामी गाडी असल्यास त्या चाकांवर पुरेसे वजन नसते, आणि भरली असल्यास ती रुततात. कोणताही टायर दोन चाकांच्या ओढीच्या गाडीस चारही चाकांच्या ओढीची गाडी बनवू शकत नाही.

वर्षाचा हिशेब मांडावा

निवड करण्यापूर्वी गाडी वर्षभरात कोठे किती धावते, याचा हिशेब कागदावर मांडावा. उदाहरणादाखल असे समजू, की मळ्यापासून डांबरी सडक दीड किलोमीटरवर आहे आणि तेथून बाजार २८ किलोमीटरवर. येण्याजाण्याची एक फेरी ५९ किलोमीटरची झाली; त्यांपैकी कच्ची वाट ३ किलोमीटर. वर्षात १२० फेऱ्या झाल्या, तर एकूण धाव ७,०८० किलोमीटर होते आणि कच्ची वाट ३६० किलोमीटर. या १२० फेऱ्यांपैकी २५ फेऱ्या खऱ्या चिखलातल्या धरल्या, तर चिखलातील धाव केवळ ७५ किलोमीटर, म्हणजे शंभरात एक किलोमीटर भरते.

त्या एका किलोमीटरसाठी उरलेल्या नव्व्याण्णव किलोमीटरांवर जास्त डिझेल, जास्त झीज आणि ओल्या सडकेवर कमी पकड पत्करावी काय, असा हा प्रश्न आहे. माल मुंबईस जावयाचा असेल, तर वाटेत कसारा घाट आहे. पावसात भरली गाडी घाट उतरताना पाणंदीतील पकड कामास येत नाही. ओल्या डांबरावरील पकडच कामास येते. प्रत्येकाने आपले आकडे घालून हा हिशेब करून पाहावा. ज्याच्या हिशेबात चिखलाचा वाटा खरोखरच मोठा निघेल, त्याचे उत्तर निराळे येईल.

भाराचा आकडा आधी, नक्षी नंतर

नक्षीकडे पाहण्यापूर्वी टायरच्या बगलेवरील भाराचा आकडा वाचावा. मापानंतर लिहिलेला हा आकडा एका टायरने जास्तीत जास्त किती वजन पेलावे, हे सांगतो. आकडा १०० असल्यास ८०० किलो, १०६ असल्यास ९५० किलो, आणि ११२ असल्यास १,१२० किलो असा त्याचा अर्थ होतो.

समजा, भरलेल्या गाडीच्या मागच्या कण्यावर १,९०० किलो भार येतो. म्हणजे प्रत्येक मागच्या टायरवर ९५० किलो. अशा गाडीस १०० आकड्याचा टायर घातला, तर दोन टायरांची मिळून क्षमता १,६०० किलोच होते व ३०० किलो भार उघड्यावर पडतो. खडतर वाटांसाठी विकले जाणारे कित्येक टायर हे माणसे वाहणाऱ्या मोठ्या मोटारींसाठी बनविलेले असतात. ते दिसावयास दणकट असतात. पण मालवाहू गाडीचा भार पेलण्यासाठी नसतात. असा टायर भाराखाली तापतो आणि उन्हाळ्यात भर रस्त्यात फुटू शकतो. म्हणून मूळ टायरचा भाराचा आकडा पाहून त्याहून कमी आकड्याचा टायर, नक्षी कितीही आकर्षक असली तरी, घेऊ नये.

मापाबाबतही हेच खरे. गाडीच्या कारखान्याने ठरविलेल्या मापापेक्षा मोठा टायर घातल्यास वेगदर्शक काटा खरा वेग दाखवीत नाही, ब्रेकवर ताण येतो आणि वळणावर टायर आतील भागास घासतो.

हवेचे महत्त्व

टायर किती रुततो हे नक्षीइतकेच हवेवरही अवलंबून असते. जुन्या बैलगाडीच्या चाकाची अरुंद लोखंडी धाव काळ्या मातीत सुरीसारखी उतरे. रबरी चाकांची गाडी त्याच मातीवरून तरून जाई. कारण भार अधिक जागेवर पसरे. पिकअपचेही तसेच आहे. एका चाकावर ६०० किलो भार आणि टायरमध्ये ५० पौंड हवा असेल, तर ढोबळ मानाने १७० चौरस सेंटीमीटर जागा जमिनीस टेकते. हवा ३० पौंडांवर आणल्यास हीच जागा २८५ चौरस सेंटीमीटरच्या आसपास जाते व चाक कमी रुतते.

परंतु हा उपाय फक्त रिकाम्या किंवा हलक्या गाडीस, अगदी सावकाश चालताना आणि थोड्या अंतरापुरताच योजावा. डांबरी सडकेवर चढण्यापूर्वी हवा पुन्हा पूर्ववत भरणे अत्यावश्यक आहे; त्यासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप व दाबमापक जवळ ठेवावा. कमी हवेवर भरली गाडी वेगाने चालविणे म्हणजे टायर फुटण्यास आमंत्रण होय.

कोणास कोणता टायर योग्य

ज्यांची गाडी बहुतांशी डांबरी सडकेवर धावते व मळ्याची वाट मुरमाची किंवा एक-दोन किलोमीटरची आहे, अशा भाजीपाला, फळे व कांदा उत्पादकांस पुरेशा भाराच्या आकड्याचा ऑल-टेरेन टायर योग्य ठरतो. आवश्यक मापात व भारात तो मिळत नसेल, तर मालवाहू गाडीचे नेहमीचेच टायर चांगल्या स्थितीत ठेवणे हे कमी भाराच्या ऑल-टेरेनपेक्षा श्रेयस्कर आहे.

कापूस उत्पादकांची बहुतेक वाहतूक पाऊस ओसरल्यावर होते. तेव्हा वाट वाळलेली असते. त्यांची खरी अडचण चिखलाची नसून पऱ्हाटीच्या व तुरीच्या तीक्ष्ण खुंटांची व बाभळीच्या काट्यांची असते. त्यांनी नक्षीच्या खोलीपेक्षा टायरच्या बगलेच्या मजबुतीकडे लक्ष द्यावे आणि शेतात गाडी नेताना खुंटांच्या ओळींवरून चाक नेऊ नये.

मड-टेरेन टायर घेण्यास सबळ कारण असते ते थोड्यांनाच. पावसाळाभर रोज कच्च्या वाटेने वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करणारा, किंवा चारही चाकांना ओढ असलेली गाडी कमी वेगाने व हलक्या भाराने मुख्यतः शेतातच वापरणारा, यांना त्याचा खरा उपयोग होतो. तेही चारही चाकांना एकाच जातीचे टायर घालून. एकाच कण्यावर दोन भिन्न नक्षींचे टायर कदापि घालू नयेत. पुढे चांगली पकड व मागे कमी पकड असल्यास ओल्या सडकेवर गाडीचा मागचा भाग प्रथम घसरतो आणि गाडी आडवी होते, हेही ध्यानात असावे.

खरेदीच्या वेळी

टायरवर भारतीय मानक ब्युरोची आय. एस. आय. खूण आहे, याची खात्री करून घ्यावी. बगलेवरील चार आकडी तारीखही वाचावी : पहिले दोन आकडे वर्षातील आठवडा व पुढचे दोन आकडे वर्ष दर्शवितात, उदाहरणार्थ २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. फार दिवस पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

चरांच्या तळाशी झिजेची खूण म्हणून रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीस आली, म्हणजे खोली सुमारे १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदललाच पाहिजे. चिखलासाठी घेतलेल्या टायरचा चिखलातील उपयोग मात्र त्यापूर्वीच, नक्षी निम्मी झिजताच, बराच कमी झालेला असतो. टायर सारखे झिजावेत म्हणून त्यांची जागा ठरावीक अंतराने बदलावी.

शेवटचा फर्लांग

सारांश, रुतलेल्या गाडीचा दोष दर वेळी टायरचाच असतो असे नाही. पुष्कळदा दोष वाटेचा असतो. पाणंदीच्या दोन्ही बाजूंस चर काढून पाण्यास वाट दिली आणि सखल जागी दगड व मुरूम टाकून दाबला, तर त्या वाटेवरून साध्या टायरची गाडीही पावसात निघते. आणि तिचा लाभ एका गाडीस नव्हे, तर सर्व शिवारास होतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना सुरू केली, ती याच गरजेतून. गावाच्या पाणंदीसाठी चालू असलेल्या योजनेची चौकशी ग्रामपंचायतीकडे करता येते.

वाट होईपर्यंत साधा नियम पाळता येतो. वाफसा आल्यावाचून शेतकरी जमिनीत औत घालीत नाही. गाडीसही तोच न्याय लावावा. पावसाची चिन्हे दिसताच गाडी सडकेच्या कडेस उभी करावी आणि क्रेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने किंवा बैलगाडीने तेथवर आणून भरावेत. हमालीचे चार पैसे जास्त जातील. परंतु माल लिलावास वेळेवर पोहोचेल, पाणंदीत खोल चाकोऱ्या पडणार नाहीत, आणि घाट उतरताना गाडीखाली घाटास योग्य असेच टायर असतील.