चरबीची गोळी आणि चक्कर
रक्तात चरबी फार झाली की डॉक्टर गोळी देतात. अटोरव्हास्टॅटिन ही त्यातलीच एक. ती घेऊन काही जणांना चक्कर येते. मग माणूस घाबरतो आणि गोळी कोनाड्यात टाकतो. तसं करू नका. चरबी परत वाढते, अन् ती दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

कधी कधी चक्कर दुसऱ्याच गोळीची असते. रक्तदाबाची गोळी चालू असली, तर एकदम उठताना दाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजून घ्या. तोवर सकाळी खाटेवरून पाय खाली सोडून थोडं बसा, मग उठा. विहिरीच्या काठाशी एकटे जाऊ नका.

अंग फार दुखून लघवी काळपट झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.