तहकूब उड्डाणांचे दप्तर

पवनी तालुक्यातील आमच्या आसगावात उन्हाळी धानाची मळणी चाललेली असताना, २०२४ च्या त्या मे महिन्यात, मी श्रीहरिकोट्याच्या एका लहानशा अग्निबाणाच्या वार्तेची नित्य प्रतीक्षा करीत होतो. चेन्नईच्या अग्निकुल कॉसमॉस या खाजगी कंपनीचे ते चाचणी-उड्डाण मार्चपासून चार वेळा तहकूब झाले. आणि २८ मे रोजी तर उलटगणती अवघ्या पाच सेकंदांवर आली असता, प्रज्वलकाच्या कार्याची खातरजमा करून घेण्यासाठी ती रोखण्यात आली.

ती खातरजमा क्षुल्लक नव्हे. उणे १८३ अंशांहूनही थंड केलेला द्रव प्राणवायू आणि विमानाचे इंधन ही दोन्ही ज्वलनकक्षात शिरली, आणि ठिणगी क्षणभर जरी उशिरा पडली, तरी साचलेले मिश्रण एकदम पेटून कक्षच फुटण्याचा संभव असतो. तरी द्रव इंधनाच्या झडपा अखेरपर्यंत बंद ठेवता येतात, एवढी सवलत येथे आहे. घन इंधनाला ती नाही. २०२२ साली आमच्या नागपुरात, सोलर इंडस्ट्रीजच्या चाचणीस्थळी, स्कायरूट या हैदराबादच्या कंपनीने ‘कलाम-१००’ हा घन इंधनाचा टप्पा प्रज्वलित केला, तो १०८ सेकंद जळत राहिला. घन इंधन एकदा पेटले की त्यावर कोणाचाही हुकूम चालत नाही.

रोखलेल्या उड्डाणांप्रमाणे फसलेली उड्डाणेही शिकवतात. अमेरिकेतील स्पेसएक्सच्या ‘फाल्कन १’ चे पहिले उड्डाण २४ मार्च २००६ रोजी सागरी हवेने गंजलेल्या एका नटामुळे इंधन गळून लागलेल्या आगीने फसले. ३ ऑगस्ट २००८ च्या तिसऱ्या खेपेस, बंद केलेल्या इंजिनात उरलेल्या किंचित जोरामुळे खालचा टप्पा सुटलेल्या वरच्या टप्प्यावर आदळला. इलाज एवढाच, की इंजिन बंद होणे आणि टप्पे सुटणे यांतील अवधी वाढवावा. तो वाढविला, आणि २८ सप्टेंबरला चौथे यान कक्षेत पोहोचले. अपयशाचे कारण इतके नेमके हाती लागणे, हीच अशा उड्डाणांच्या दप्तराची खरी मिळकत होय.

अलीकडे स्फोटालाही टाळ्या पडतात, ते मला रुचत नाही. स्वतःच्याच हाताने पाच सेकंदांवर काम थांबविणाऱ्याचे धैर्य मी त्याहून मोठे मानतो. ३० मे रोजी सकाळी सव्वासात वाजता अग्निकुलचे ते उड्डाण झाले, आणि एकसंध त्रिमितीय-मुद्रित इंजिन जगात प्रथमच आकाशात गेले. आता त्या चार तहकुबींचा सविस्तर तपशीलही छापून प्रसिद्ध व्हावा, आणि तो विदर्भातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.